यंत्राचा ढेकर

"हे यंत्र एका दमात तीस एकर कापूस वेचायचं, वर शेजाऱ्याचं वाळत घातलेलं धोतरही!" मी सांगितलं. जन्मभर गोळा केलेली माझी जुनी कापूसयंत्रं बघायला नागपूरहून आलेले संग्रहालयाचे साहेब हसले. मी शेडच्या कोपऱ्यातल्या खाटेकडे पाहिलं. बायको गप्पच.

लकवा मारल्यापासून चार महिने तिच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. त्याआधी चाळीस वर्षं माझी एकही थाप तिनं धड पुरी होऊ दिली नव्हती. तिला राहवू नये म्हणून हल्ली मी थापा फुगवतच चाललो होतो.

"पण पहिल्या दिवशी हे वावरात जे अडून बसलं, ते हलेचना. विलायती मेकॅनिक रडकुंडीला आला. पहिल्या वेचणीला आमच्या बाया वावरात दहीभात ठेवून सीतादहीची पूजा करतात ना, तीच राहिली होती! मग हिनं दहीभाताचा घास यंत्राच्या तोंडात घातला. यंत्रानं मोठा ढेकर दिला आणि निघालं!"

खाट करकरली.

"खोटं," घोगरा, अडखळता आवाज आला. "दही... कुठचं? ताक होतं."

माझ्या हातातला पाना खाली पडला. साहेब बिचारे गोंधळून तिच्याकडे वळले. "आणि आजी, तो ढेकर?"

तिनं माझ्याकडे बघितलं. माझे डोळे भरून आलेले तिला दिसले असावेत.

"ढेकर," ती म्हणाली, "खरा हाय."