बंद कुलर

अकोल्यातल्या भर मे महिन्यात नितेश ढोमणे कुलर बंद करून घाम पुसत जेवत होता. शेजारी त्याची बायको प्राजक्ता शाल गुंडाळून बसली होती. कॅन्सरमुळे थायरॉइड ग्रंथी काढल्यापासून, गोळ्या घेऊनही, तिला कायम थंडी वाजे; भांडायचंही त्राण नसे. तिच्याच पेशींपासून प्रयोगशाळेत वाढवलेली नवी ग्रंथी नुकतीच तिच्या दंडात बसवली होती. ती ग्रंथी शरीरात जगेल का, याची नितेशला धास्ती होती.

अचानक प्राजक्ताने शाल भिरकावली.

"किती उकडतंय! कुलर कुणी बंद केला?"

"अगं, तुझ्यासाठीच..."

"आणि या वरणात मीठ कुठंय? स्वयंपाक कधी शिकणार तू?"

कितीतरी वर्षांनी ती खेकसली होती. नितेशने धावत जाऊन कुलर लावला, डोळे पुसले.

"अजून बोल," तो म्हणाला, "वांग्याच्या भाजीबद्दलही बोल!"