सैल हात

देशकर काकूंनी टॉप अंगाला लावून पाहिला आणि वृंदाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बिनबाह्यांचा, सुती, खास नागपूरच्या उन्हाळ्यासाठी तिनं विणलेला. पण कंबरेशी घट्ट आणि छातीशी ढगळ! नव्या शेजाऱ्यांना दिलेली पहिलीच भेट, आणि ती अशी.

"द्या काकू, उसवून परत विणते."

काकूंनी ऐकलंच नाही. चष्मा सावरून त्या खालून वर, एकेका ओळीवरून बोट फिरवत गेल्या. "धास्तीनं विणून राहिली होती तू," त्या म्हणाल्या. "टाके असे आवळले, की सुई शिरणार नाही." बोट मध्येच थांबलं. "अन् या ओळीपासून हात सैल सुटला. काय झालं होतं गं त्या दिवशी?"

ती ओळ वृंदाला लख्ख आठवत होती. परक्या गावात, न उघडलेल्या खोक्यावर बसून ती विणत होती आणि दार वाजलं होतं.

"तुम्ही आला होतात," ती म्हणाली, "पन्ह्याचा तांब्या घेऊन."

काकूंनी टॉप पोटाशी धरला. "आता उसवायचं नाव काढशील तर बघ!"