सतराशे पासष्टची बंदूक

नाताळानंतर फक्त जुन्या पद्धतीच्या ठासणीच्या बंदुकीनं करायच्या शिकारीसाठी मी तीन हिवाळे नुसती बंदूकच निवडत होतो. आमच्या पेनसिल्व्हेनियात हरणांना तोटा नाही, पण आमच्या जुन्या बंदुकांच्या क्लबात क्लिंगर म्हातारा आहे ना! "दस्त्यावरची ही पितळी डबी सतराशे पासष्टच्या वीस वर्षं नंतरची. हा स्क्रू यंत्रावरचा. नाटकात घेऊन जा ही!" असं म्हणत त्यानं माझी एकेक बंदूक मोडीत काढली. घरी बायकोचं वेगळंच. "माझा भाऊ दुकानातली बंदूक घेऊन दरवर्षी हरीण आणतो. तू आण बंदुकांची पुस्तकं!"

यंदा मात्र हुबेहूब सतराशे पासष्टची बंदूक घडवून घेतली. हंगामाच्या शेवटच्या दिवशी ती भरून बर्फात दबा धरून बसलो, तर क्लिंगर मागून आलाच. "बघू!" त्यानं दस्ता पाहिला, चाप पाहिला, खोबणीतली, ठिणगी झेलणारी चिमूटभर रंजकेची दारू फुंकून तिच्याखालचा लोहाराचा ठसासुद्धा वाचला. "एकही चूक नाही," म्हणत त्यानं बंदूक परत दिली, आणि तेवढ्यात तीस पावलांवर हरीण येऊन उभं राहिलं.

मी नेम धरून चाप ओढला. गारगोटीची ठिणगी उडाली, पण पेटणार काय, कपाळ? दारू तर म्हाताऱ्यानं फुंकून टाकली होती! हरीण पळालं.

क्लिंगरनं माझ्या पाठीवर थाप मारली.



"त्या काळीही लोक असेच हात हलवत घरी जायचे, लेका. आता कुठे तू अस्सल शिकारी झालास!"