हरकतीचा कागद

“हा पंप इथं कधी आला?” वकील सुधीर चौबळांनी वहीवर पेन टेकवत विचारलं.

“गेल्या शिमग्याला, साहेब,” हिरामण म्हणाला. “वरीस होईल आता.”

उरणच्या मिठागरात उन्हं वर आली होती. पंप चालू होता. खाडीचं गढूळ, खारं पाणी न अडखळता वरच्या वाफ्यात पडत होतं. बांधावर छत्री धरून उभ्या असलेल्या हौसेराव शेडग्यांचा जीव भांड्यात पडला. सकाळी पहिल्या एस.टी.नं नावड्याहून येऊन त्यांनी हिरामणला एवढं एकच वाक्य पढवलं होतं. बासष्टाव्या वर्षी दुसऱ्याच्या तोंडी खोटं घालायची पाळी आली, याचं त्यांना वाईट वाटत होतं. पण वाईट वाटायलाही अंगात थोडा जोर लागतो.

तळोज्याच्या कारखान्यात त्यांनी वीस वर्षं फिटरचं काम केलं आणि उरलेल्या वेळात शोध लावले. पहिलं पेटंट बॅटरीचं. आडवी पडली तरी तिच्यातून थेंब सांडत नसे. कंपन्यांनी चहा पाजला आणि परत पाठवलं. दुसरं पेटंट फोटो छापायच्या यंत्राचं, छोट्या स्टुडिओला परवडेल असं. त्याचा कागद हाती येईपर्यंत गल्लोगल्ली परदेशी यंत्रं आली होती. हौसेला मोल नसतं म्हणतात. हौसेरावांच्या हौसेला गिऱ्हाईकही नव्हतं.

तिसरा शोध म्हणजे हा पंप. खाऱ्या पाण्यानं न गंजणारा, गाळानं न अडणारा. तळोज्याचा एक कारखानदार तो बनवायला तयार होता, पण पेटंट हाती आलं तरच. तिथंच घोडं पेंड खात होतं. एका बड्या पंप कंपनीनं पेटंटला हरकत घेतली होती आणि चौबळ त्याच कंपनीचे वकील होते. अर्ज करण्याआधीच एखादी वस्तू लोकांच्या उघड वापरात असेल, तर तिचं पेटंट मिळत नाही. हौसेरावांचा अर्ज होता पंच्याण्णवच्या गणपतीतला. पंप मात्र इथं त्र्याण्णवच्या डिसेंबरपासून चालत होता.

चूक त्यांचीच होती. आठ दिवसांच्या चाचणीसाठी आणलेला पंप त्यांनी परत न्यायला हवा होता. न्यायला म्हणून ते टेम्पो घेऊन आलेही होते. पण त्या दिवशी हिरामणची बायको गोजरा पंपाशेजारी बसली होती. सातवा महिना. आधीची दोन बाळं डब्यांनी पाणी उपसता उपसता पोटातच गेली होती. हौसेरावांनी टेम्पो रिकामा परत धाडला. पुढं अर्ज करायला त्यांना पावणेदोन वर्षं लागली. आधीच्या दोन पेटंटांनी माणूस इतका दमला होता, की नुसता फॉर्म बघितला तरी हात गळायचे.

“त्याआधी पाणी कोण उपसायचं?” चौबळांनी विचारलं.

हे काही पढवलेलं नव्हतं. हिरामण घुटमळला. “ही. बाईल माझी. डब्यानं.”

गोजरा बाजूलाच उभी होती. तिच्या पदराला लोंबकळणाऱ्या पोरीकडे चौबळांनी पाहिलं. “ही तीन वर्षांची असेल ना? म्हणजे ही पोटात असतानाही?”

हिरामणनं हौसेरावांकडे पाहायचं टाळलं. “हां साहेब. मीच लावलं तिला उपसाया.”

चौबळांचं पेन थांबलं. त्यांनी हिरामणकडे जी नजर टाकली, ती हौसेरावांना दिसली. बायकोला मारणाऱ्या माणसाकडे लोक तसं बघतात. हिरामणनं ती मुकाट सोसली. गोजरा मान खाली घालून उभी राहिली. दोघंही हे सोसत होते ते हौसेरावकाकांसाठी. हौसेरावांना आपली लाज वाटली. बॅटरी पडून राहिली तेव्हा वाटली नव्हती, इतकी लाज वाटली.

“खोटं आहे ते,” ते म्हणाले. “पंप मी ठेवला इथं, त्र्याण्णवच्या डिसेंबरात. तेव्हापासून तिनं डब्याला हात लावलेला नाही. लिहून घ्या.”

“काका, तुमी कशाला बोललाव?” गोजरा कळवळली.

चौबळांनी आवाज उतरवला. “शेडगे, हे लिहिलं की तुमचं पेटंट गेलं. विचार करा.”

“लिहा हो. नवा शोध लावायचा जोर उरला नाही माझ्यात, आणि खोटं निभवायचाही नाही.”

आता हिरामणची जीभ सैल झाली. झाल्या गोष्टीची भरपाई करावी म्हणून तो उत्साहानं सांगत सुटला. “साहेब, मी एकटा नाय वापरत. शेजारचे चौघं नेतात यो पंप. तीन वर्सांत एक दिवस बंद नाय पडला, हे पन लिवा!” काकांची उरलीसुरली आशाही आपण बुडवतोय, हे त्याच्या गावीही नव्हतं. चौबळांनी शब्दन् शब्द टिपला, त्याचं निवेदन तयार केलं आणि खाली हिरामणची सही घेतली.

“एकदा वाचून बघता?” त्यांनी कागद हौसेरावांपुढं धरला.

हौसेरावांनी चष्मा पुसला. कागदावर लिहिलं होतं : ‘श्री. हौसेराव शेडगे यांनी स्वतः बनवलेला हा पंप येथील पाच मिठागरांतील लोक १९९३ पासून रोज वापरत आहेत. तो आजवर एकदाही बंद पडलेला नाही.’

त्यांनी ते पुन्हा वाचलं. मग तिसऱ्यांदा. उभ्या आयुष्यात त्यांच्या एकाही शोधाबद्दल कुणी असं सहीनिशी लिहून दिलं नव्हतं.