आयात शुल्क

विश्वनाथ दिल्लीत अर्थ खात्यात अधिकारी होता आणि त्याचा धाकटा भाऊ उन्मेष गाझियाबादला लोखंडी सळयांची छोटी मिल चालवत होता. नव्वदीच्या सुरुवातीचे ते दिवस. दिल्लीभोवती जिकडेतिकडे नव्या सोसायट्या उभ्या राहत होत्या, म्हणून उन्मेषने राहता फ्लॅट विकून मोठी भट्टी घ्यायचं ठरवलं.

परदेशी पोलादावरचं आयात शुल्क निम्म्यावर येणार, हे विश्वनाथला ठाऊक होतं. पण बजेट मांडेपर्यंत ते घरातही बोलायचं नव्हतं.

"थोडं थांबतोस का?" एवढंच तो म्हणाला.

"अरे यार दादा, तू लहानपणापासून घाबरटच!" उन्मेष हसला. भट्टीच्या पूजेला त्याने हट्टाने दादाच्याच हातून नारळ फोडून घेतला.

बजेटनंतर बाहेरचा स्वस्त माल बाजारात आला आणि वर्षभरात मिल बंद पडली. भंगारवाले भट्टीचे तुकडे ट्रकमध्ये भरत होते, तेव्हा विश्वनाथ भावाजवळ जाऊन उभा राहिला. उन्मेषची बायको सुनीती रडत होती. शेवटी तिला राहवलं नाही.

"भाऊजी, हा निर्णय तुमच्याच खात्यातला ना? तुम्हाला आधी काहीच कळलं नव्हतं?"

विश्वनाथने मान खाली घातली. उन्मेषने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि तो बायकोवर चिडून म्हणाला,



"काहीतरीच काय विचारतेस? कळलं असतं, तर दादा गप्प बसला असता का?"