दिवसभराची बाई

आईचं मोडलेलं हाड जुळून तीन महिने झाले, तरी ती पलंगावरून पाय खाली टाकेना. डॉक्टरांनी समजावलं, मी हातापाया पडलो, पण ती ढिम्म हलली नाही. शेवटी तिचं सगळं करायला दिवसभराची बाई ठेवली.

आठव्या दिवशी मी दुपारीच घरी आलो. बघतो तर बाई आईच्या पलंगावर गाढ झोपलेली, अंगावर आईची शाल. आणि आई भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत स्वयंपाकघराकडे निघालेली.

"आई, तू चालतेस?"

"हळू बोल. आत्ताच डोळा लागलाय तिचा," आईने मला दटावलं. "रात्रभर दुसऱ्या एका आजींकडे जागते बिचारी. उठल्या उठल्या चहा लागतो तिला. नुसता बघत काय उभा राहिलास? कप विसळ."

मी कप विसळले. मग गॅलरीत जाऊन, दार लोटून घेऊन, बाई पाठवणाऱ्या केंद्राला फोन लावला.

"काही तक्रार आहे का?" तिकडून विचारलं.

"नाही हो. रविवारी या बाईंची सुट्टी असते. त्या दिवशीही अशीच एखादी दमलेली बघून पाठवा."