फुंकर

शालनने कातडी छापायचं यंत्र बंद केलं आणि खुर्चीत अंग टाकलं. रेवाच्या भाजलेल्या मनगटावर छापलेली कातडी पुन्हा वाया गेली होती.

"ताई, परत फुंकर घातलीत ना?"

रेवाची आई सगुणा ओशाळली. "पोर कळवळली, सिस्टर. तोंड आपसूक गेलं बघा."

शालनला चिडायचंही त्राण उरलं नव्हतं. रेवाच्याच पेशी वाढवून त्यांचे बारीक थेंब यंत्र जखमेवर सोडायचं. ते सावकाश पसरून एकमेकांत मिसळले तरच कातडी धरायची. वारा लागला की थेंब भराभर सुकायचे आणि पेशी कडेला गोळा व्हायच्या, फरशीवर सांडलेल्या चहाची वर्तुळं उरतात तशा. मधे जखम उघडीच. या वॉर्डात येणारी प्रत्येक आई हेच करायची. 'फुंकर घालू नये' ही पाटी भिंतीवर नुसती लटकत होती.

"आता एकदाच पुरतील एवढ्या पेशी उरल्यात. तुम्ही बाहेर बसा."

"आई, जाऊ नको! फुंकर घाल ना!" रेवा रडू लागली. तिच्या रडण्याबरोबर हातही हलू लागला. असा हात हलत राहिला तर छापणार कसं?

तेवढ्यात सगुणाने पदराची चौपदरी घडी केली, नाकातोंडावर घट्ट दाबली आणि लेकीच्या कानाशी वाकली.

फू... फू...

पदर जरासा फुगला. वारा आतच अडला, बाहेर आला तो फक्त आवाज.

रेवाचा हात थांबला. शालनने यंत्र सुरू केलं.

"गार वाटलं गं आई," रेवा म्हणाली.